छप्पर गेलं तर

मी हवामान खात्यात नोकरीला आहे हे खरं, पण चक्रीवादळाशी माझा काडीचाही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी आस्थापना विभागात बसतो. खात्यातल्या कुठल्या माणसाची किती रजा शिल्लक आहे आणि कोणाची बढती कुठल्या टेबलावर अडकली आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. वारा कुठून येणार हे सांगणारी माणसं वरच्या मजल्यावर बसतात आणि ती आमच्याशी फारशी बोलत नाहीत. त्यांचे रजेचे अर्ज मात्र आमच्याकडेच येतात. त्यामुळे मोठं वादळ येणार असलं की मला एवढंच कळतं, की वरच्या मजल्याने आपापल्या रजा रद्द करून घेतल्या आहेत.

या वेळी त्यांनी त्या घाऊक रद्द केल्या. मी ते पाहिलं, स्वतःची रजा टाकली आणि गावची गाडी पकडली, कारण गावच्या घरात माझी मोठी बहीण एकटी राहते.

तिला सगळा गाव आक्का म्हणतो. तिच्याहून वयाने मोठे असलेले लोकही आक्काच म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. आक्का आयुष्यभर बस कंडक्टर होती. आमच्या भागातल्या खडबडीत रस्त्यावरून पहिली गाडी न्यायची आणि शेवटची परत आणायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तिच्या दारात अजून कोणी नुसतं उभं राहत नाही. ती "आत सरका" म्हणायच्या आधीच माणूस आत सरकतो. बोलणं संपलं, आता निघा, असं सुचवायचं असलं की ती हाताशी असेल त्या वस्तूवर दोनदा टकटक करते. ही तिची डबल बेल. माझ्या लग्नाची बोलणी तिने चहाच्या कपावर दोनदा चमचा वाजवून संपवली होती, आणि सासरची मंडळी खरोखरच उठून चालायला लागली होती.

सख्खा भाऊ म्हणून तिने मला एकदाही फुकट नेलं नाही. शाळेत असताना मी मित्रांसमोर ऐटीत म्हणालो, "ही आमची आक्का." आक्का म्हणाली, "कुठे उतरणार? तिकीट." मित्र अजून भेटले की ते वाक्य म्हणून दाखवतात. एकदा शब्द दिला की तो पाळायचा, समोर भाऊ असो की मंत्री, हा तिचा स्वभाव. मला तिचा हा स्वभाव फार आवडतो, फक्त त्याचा प्रयोग माझ्यावर होऊ नये असं वाटतं.

तर मी गेलो होतो तिला शहरात घेऊन यायला. हे काम मी दरवर्षी करतो आणि दरवर्षी एकटा परत येतो. तिचे गुडघे गेले आहेत, घर मोठं आहे, विहीर मागे आहे, आमच्या हिलाही मनापासून वाटतं की आक्कांनी आता आपल्याकडे राहावं. एकदाच काय ती आली होती. आमचं घर दोन खोल्यांचं, आणि एकुलत्या एका खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. आक्का चार दिवस त्या खिडकीशी बसली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "पुढचा स्टॉप कधी येतो रे इथे?" त्याच संध्याकाळी मी तिला गाडीत बसवून दिलं.

या वेळी मात्र माझ्या बाजूने अख्खं चक्रीवादळ होतं. मी घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणालो, "आक्का, परवा पहाटे वादळ धडकणार. उद्या सकाळी सरकार लोकांना हलवायला शेवटची बस पाठवतंय. आपण त्या बसने निघायचं."

आक्का भाजी निवडत होती. तिने वर न पाहता विचारलं, "नक्की धडकणार?"

"वरच्या मजल्याच्या रजा रद्द झाल्यात."

"मग धडकणार." तिने एक काडी बाजूला टाकली. "असं करू धाकट्या. या घराचं छप्पर गेलं, तर मी तुझ्याकडे येते. कायमची. कुरकुर करणार नाही. आणि छप्पर राहिलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. बायकोलाही सांग. आहे कबूल?"

मी वर पाहिलं. आमचं छप्पर कौलारू, उतरतं, मागच्या बाजूला जरा बाक आलेलं. साधा वारा आला तरी वरची कौलं आपसात काहीतरी बोलतात. मी मनात म्हटलं, हे छप्पर चक्रीवादळात राहिलं तर मी मिशा काढीन. उघड म्हणालो, "कबूल." आक्काने परातीवर दोनदा बोट वाजवलं. विषय संपला.

आता कोणाही शहाण्या माणसाने यानंतर काय केलं असतं? पाय पसरून वादळाची वाट पाहिली असती. पण आक्का म्हणाली, "पैज ती पैज, म्हणून काय घर उघडं टाकायचं? ऊठ. खिडक्यांना फळ्या मार." आणि मी उठलो. कारण तिने सांगितलं आणि मी उठलो नाही, असं आजवर कधी झालेलं नाही.

फळ्या मारायला लागलो तशी गावातली मंडळी जमली. या गावात मी म्हणजे हवामान खातं. माझ्या टेबलाची बाजू कोणती हे समजावून सांगायचा मी पूर्वी प्रयत्न केला होता, पण लोकांना तो विनय वाटतो. पहिले आले गुरुजी. हे गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि अजूनही समोर दिसेल त्याला शिकवतात. ते म्हणाले, "सगळ्या खिडक्या बंद करू नका. आतल्या आणि बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहिला पाहिजे, नाहीतर छप्पर उडतं." एवढ्यात पिठाच्या गिरणीचे मालक आले. आपादमस्तक पांढरे. ते म्हणाले, "एक फट जरी राहिली तरी वारा आत शिरतो आणि छप्पर वर उचलतो. सगळं गच्च बंद करा." मग दोघेही माझ्याकडे वळले. "तुम्ही खात्यातले. तुम्हीच सांगा."

मी सरकारी नोकर आहे. मी म्हणालो, "दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे."

"आणि वारा कुठून येणार?" गिरणीवाल्यांनी विचारलं.

आता इथे "माहीत नाही" म्हणणं शक्य नव्हतं. खात्याच्या अब्रूचा प्रश्न होता. मी आकाशाकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणालो, "पश्चिमेकडून."

आक्का आतून ओरडली, "खातं पश्चिम म्हणतंय. चारही बाजू बांधा."

त्या फळ्या मी फार मेहनतीने मारल्या. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. काम संपवून मी आक्काला बोलावलं. तिने खिडकीवर हात फिरवला आणि विचारलं, "फळ्या कुठून आणल्यास?" मी म्हणालो, "मागच्या खोलीत भिंतीला उभ्या करून ठेवल्या होत्या." ती म्हणाली, "तो तुझा पलंग आहे. तू येणार म्हणून धुऊन वाळत ठेवला होता." मग मी जमिनीवर झोपलो. पाठीचं पुढे काय झालं ते सांगत बसत नाही.

खरं काम छपराचं होतं. कौलांवर आडवे बांबू टाकायचे, त्यांना दोर लावून खाली ओढायचे, जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधायचे, आणि वर शेंड्यावर वाळूची पोती ठेवायची. त्यासाठी लागते शिडी. आमची शिडी बाबांनी स्वतःच्या हाताने केलेली. एवढी उंच शिडी गावात दुसरी नाही. आणि त्या शिडीबद्दल बाबांचा एक नियम होता, की मागायला येईल त्याला नाही म्हणायचं नाही. बाबा गेले, नियम आक्काकडे आला, आणि आक्काच्या हातात नियम गेला की तो अधिकच कडक होतो.

वादळ तोंडावर आलं की सगळ्या गावाला शिडी हवी, हे सांगायला हवामान खात्यात असावं लागत नाही. अंगणात रांग लागली. आक्का पायरीवर बसली आणि तिने ती रांग अशी लावली, की पाहत राहावं. पत्र्याचं छप्पर असलेले पुढे. म्हातारी माणसं असलेले त्यांच्याही पुढे. "तुमचं नवं छप्पर आहे, मागे व्हा. ताई, तुम्ही का मागे? पुढे या." कोणी कुरकुरलं नाही. मी भाषणं ऐकली आहेत, सभा पाहिल्या आहेत, आमच्या खात्यात तर रांग लावण्यासाठी स्वतंत्र पद आहे. पण भांडण न होता लागलेली रांग मी तिथेच पाहिली.

"आणि आपला नंबर कधी?" मी विचारलं.

"शेवटी."

"आक्का, शिडी आपली आहे."

"गाडीही माझीच होती. मी कधी खिडकीशी बसले का?"

शिडी लवकर सुटावी म्हणून मीच शिडीबरोबर निघालो. गेलो त्या घरी माझ्या हाती एकच काम आलं, ते म्हणजे शिडी धरणं. वर माणूस काम करतो, खाली मी शिडी धरून उभा, आणि जाणारा येणारा विचारतो, "काय साहेब, तुमच्या ऑफिसला सांगून दोन दिवस पुढे ढकला ना जरा." एका म्हाताऱ्या आजींनी तर मला चांगलंच झापलं. त्यांचं म्हणणं, मागच्या महिन्यात मी गावात आलो नव्हतो तेव्हा वादळही आलं नव्हतं. हे निरीक्षण चूक आहे असं मला सिद्ध करता येईना.

दुपार कलली तेव्हा शिडी गिरणीवाल्यांकडून सुटून गुरुजींकडे गेली, आणि त्यांच्यानंतर आमचाच नंबर होता. मी गिरणीतून पिठाची रिकामी पोती घेऊन वाळू भरायला गेलो. परत येतो तर गुरुजी दारात प्रसन्न चेहऱ्याने उभे आणि शिडी गायब.

"सरकारजमा झाली," गुरुजी म्हणाले. "गावच्या सरकारी कार्यालयातले कारकून आले होते. परिपत्रक आहे. गावातलं सगळं आपत्कालीन साहित्य, म्हणजे शिड्या, दोर, कंदील, एकत्र करून सुरक्षित जागी ठेवायचं. मी म्हटलं, नेऊन ठेवा, चांगली योजना आहे."

मी धावत कार्यालयात गेलो. कारकून शांतपणे पंख्याखाली बसले होते. त्यांना पाहून मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. तेच टेबल, तीच टाचण्यांची डबी, समोरच्याकडे न पाहता कागद सारखे करण्याची तीच पद्धत. आयुष्यभर मी त्या टेबलाच्या पलीकडे बसलो होतो. अलीकडे उभं राहिल्यावर कसं वाटतं ते मला त्या दिवशी समजलं.

"शिडी मिळेल का?" मी विचारलं.

"मिळेल की. वादळ झाल्यावर."

"पण ती वादळासाठीच हवी आहे."

"तेच तर," ते म्हणाले. "आपत्तीत लागणारं साहित्य आपत्तीत खराब होऊ नये, म्हणून कोठारात ठेवलंय."

मी म्हटलं, मग कोठार उघडा. किल्ली कोठारपालाकडे होती. कोठारपाल कुठे आहेत? ते शहरात गेले होते, आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला. वादळ संपल्यावर येणार होते, कारण रस्ते बंद होण्याची शक्यता असल्यामुळे त्यांना तिथेच थांबायचा आदेश होता. दुसरी किल्ली? दुसरी किल्ली कोठाराच्या आत, खुंटीला. "सुरक्षित आहे," कारकुनांनी मला धीर दिला.

मी खरं तर संतापायला हवं होतं, पण माझ्यातला आस्थापना विभाग मनातून दाद देत होता. इतकं निर्दोष काम आमच्याकडेही क्वचित होतं.

घरी आलो तर आक्का अंगणात उभी राहून छपराकडे पाहत होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती कार्यालयात जाऊन कारकुनाला टेबलासकट हलवेल. पण ती नुसतं "बरं" म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने मी डोकावलो. ती एक लहानशी पिशवी भरत होती. दोन साड्या घातल्या, औषधं घातली, आणि मग कपाटातून तिचा तिकीट पंच काढला, तोच तो जुना, पितळेचा, हातात धरून झिजलेला. तिने तो पदराने पुसला, रुमालात गुंडाळला आणि पिशवीच्या तळाशी ठेवला. छप्पर बांधलेलं नव्हतं, म्हणजे छप्पर जाणार होतं, म्हणजे ती शब्द पाळणार होती. रडणं नाही, तक्रार नाही. प्रवाशाचा स्टॉप आला, की त्याने उतरायचं.

मी जिंकलो होतो. इतक्या वर्षांनी एकदाचा जिंकलो होतो. आणि मला रात्री जेवण गेलं नाही. आमच्या खिडकीसमोरची ती भिंत सारखी डोळ्यांसमोर येत होती, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेली आक्का.

सकाळी बस आली. आभाळ शिशासारखं झालं होतं आणि वारा अजून नीट सुरू झाला नव्हता. गाडी नेमकी आमच्या घरासमोर थांबली, कारण त्या मार्गावरचा प्रत्येक ड्रायव्हर आक्काच्या घरासमोर थांबतोच. आज तर चालवायला खुद्द उस्ताद होते. आक्काबरोबर त्यांनी कित्येक वर्षं गाडी मारली होती. ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात, तसे ते तिलाही म्हणत. ते खाली उतरून म्हणाले, "मास्तर, चला. तुमची सीट ठेवलीय."

"येते," आक्का म्हणाली. पिशवी तिच्या हातात होती.

मी सवयीने पुढे धावलो आणि खिडकीतून दोन सीटवर दोन रुमाल टाकले. जागा धरण्याच्या बाबतीत मी नशिबावर विसंबत नाही. रुमाल टाकून वळलो, आणि गाडीच्या मागच्या अंगाला माझी नजर गेली. तिथे शिडी होती. टपावर सामान चढवायची लोखंडी शिडी, गाडीला पक्की बसवलेली. टपावर सामान बांधायच्या दोरांची भेंडोळीही पडली होती. मी टपाकडे पाहिलं. मग आमच्या वळचणीकडे पाहिलं. दोन्ही जवळजवळ एका उंचीवर होती.

माझ्या तोंडातून शब्द कसे बाहेर पडले ते मला अजूनही सांगता येत नाही. मी म्हणालो, "उस्ताद, गाडी जरा घराला लावता का?"

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, अंगणात पडलेले बांबू आणि पोती पाहिली. "दुपारपर्यंत पोचायला सांगितलंय," ते म्हणाले. "दुपारला अवकाश आहे." आणि जाऊन त्यांनी गाडी अशी मागे घेतली, की टप आणि वळचण यांच्यात एक हात एवढंच अंतर उरलं. अशी गाडी लावलेली मी शहरात कुठेही पाहिलेली नाही.

"हे मदतकार्याचं वाहन आहे," बसमधून कारकुनांचा आवाज आला. तेही जात होते. "याचा खासगी वापर..."

आक्का दरवाज्याशी आली. "साहेब," ती म्हणाली, "आत सरका."

ते आत सरकले.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. गाडीतली माणसं एक एक करून खाली उतरली. ज्यांच्या घरांवर काल आमची शिडी लागली होती ती सगळी. दोघे टपावर चढले, चौघांनी खालून बांबू दिले, उरलेल्यांनी दोर ओढले. बसबरोबर आलेली नर्स म्हणाली, "गाडी थांबू दे हो, काही बिघडत नाही. मी शिकायला जायचे तेव्हा शेतातून धावत यायचे, आणि आक्का मी दिसेपर्यंत बेल द्यायच्या नाहीत. अख्खी गाडी माझ्या नावाने बोटं मोडायची." आणि तिने साडी खोचून वाळूचं पोतं उचललं.

मीही टपावर चढलो. माझी ती काय शान. हवामान खातं बसच्या टपावर उभं राहून छप्पर बांधतंय असं दृश्य गावाने प्रथमच पाहिलं. मागची, बाक आलेली बाजू मी स्वतः बांधली. खाली आलो तेव्हा उस्तादांनी विचारलं, "गाठ कोणती मारलीत?"

मी म्हटलं, "पक्की मारलीय." गाठ कोणती ते सांगायला मला थोडी लाज वाटली. मला आयुष्यात एकच गाठ येते, फायलीच्या नाडीची.

काम झालं. सगळे पुन्हा गाडीत बसले. आक्का अंगणातच उभी.

"मास्तर?" उस्ताद म्हणाले.

"आता छप्पर बांधलंय," आक्का म्हणाली. "आता पैज बरोबरीची झाली. मी निकाल बघूनच हलेन." उस्तादांनी विनवलं, नर्सनेही विनवलं. आक्काने गाडीच्या अंगावर दोनदा थाप मारली, आणि त्या थापेवर उस्तादांचा पाय आपोआप दाबला गेला. ती थाप ऐकून गाडी न हलवणं त्यांना शक्यच नव्हतं. गाडी गेली. माझे दोन्ही रुमाल त्या गाडीबरोबर गेले. कारकुनांनी त्यातल्या एकावर बसून प्रवास केल्याचं पुढे समजलं.

मधल्या खोलीवर आमच्याकडे जाडजूड लाकडी माळा आहे. पहाटे वारा सुटला तेव्हा आम्ही त्या माळ्याखाली बसलो होतो. गावात राहिलेले गुरुजी आणि गिरणीवाले आपापल्या कुटुंबांसह आले होते. आक्काने सगळ्यांना भिंतीला टेकून ओळीने बसवलं, लहानांना मध्ये घेतलं, आणि गुरुजींना म्हणाली, "पाय आखडून घ्या, वाटेत येतायत." मग वादळ आलं. वर्णन करून सांगण्यासारखं ते नव्हतं. घर थरथरत होतं आणि कौलं कडाकडा दात वाजवत होती. गुरुजी म्हणत होते एक खिडकी उघडा, गिरणीवाले म्हणत होते खबरदार. मला भीती वाटत होती, अगदी साधी भीती. आक्काचा हात माझ्या खांद्यावर होता. तिने मला विचारलं, "काय रे, पश्चिमेकडूनच येतोय ना?" मी ऐकलं तर वारा पूर्वेकडून येत होता. मी म्हणालो, "वळणार आहे." आणि दुपारच्या सुमाराला तो खरोखरच वळला. माझी नोकरीतली सगळी वर्षं त्या एका क्षणात वसूल झाली.

मग एकदम मागच्या बाजूला काहीतरी सुटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ फुटण्याचा. आक्काने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळच्या आत वारा पडला. बाहेर आलो तर गावात झाडं आडवी, तारा जमिनीवर, पण छपरं जागेवर होती. पत्र्याची, कौलांची, बहुतेक सगळी. एकच इमारत बोडकी झाली होती, ती म्हणजे सरकारी कोठार. दार घट्ट बंद, कुलूप जागच्या जागी, आणि वर छप्पर नाही. गावातल्या दोघांनी भिंतीवरून दोर सोडून आमची शिडी अलगद बाहेर काढली आणि पहिल्यांदा आमच्याकडे आणून दिली. रांग न लावता.

मी शिडी मागच्या भिंतीला लावली आणि चढलो. आक्काला गुडघ्यांमुळे चढता येत नाही. ती खाली उभी होती, हात मागे बांधून.

वर काय होतं सांगतो. पुढची बाजू शाबूत. शेंड्यावरच्या पोत्यांत राहिलेलं पीठ भिजून त्याची अशी काही खळ झाली होती, की कौलं एकमेकांना डकवल्यासारखी बसली होती. आणि मागची बाजू, मी बांधलेली, तिथला दोर सुटून लोंबत होता. फायलीची नाडी ओढल्यावर सुटते, ती सुटण्यासाठीच मारतात. एक बांबू अंगणात जाऊन पडला होता आणि कौलांची एक अख्खी ओळ गेली होती. त्या भोकातून मला खाली माझी अंथरलेली चादर दिसत होती. ओली गच्च.

"धाकट्या," आक्काने खालून विचारलं, "गेलं की राहिलं?"

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण मी तिचा भाऊ आहे, मला तो ओळखता येतो. मी "गेलं" म्हटलं असतं तर ती त्याच पावली आत जाऊन पिशवी घेऊन आली असती. वर्षानुवर्षं ज्या शब्दासाठी मी खेपा घातल्या तो शब्द माझ्या जिभेवर होता, आणि यावेळी तो खराही होता. मी त्या उंचीवरून गाव पाहिलं. सगळी छपरं, त्यांच्यावर बांधलेले बांबू, आणि ओल्या रस्त्यावरून आडव्या झाडांना वळसे घालत परत येत असलेली बस.

"राहिलं," मी म्हणालो.

"नीट बघ."

"बघितलं. राहिलंय. पूर्ण."

आक्काने पाठीमागचा हात पुढे आणला. त्या हातात अर्धं फुटलेलं कौल होतं. माझ्या आधीच ती अंगणातून फिरून आली होती.

"हवामान खात्याचं म्हणणं आहे का हे?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "अधिकृत."

"मग बरोबरच असणार." तिने फुटकं कौल बाजूला ठेवलं, भिंतीशी रचून ठेवलेल्या जुन्या कौलांतलं एक चांगलं उचललं आणि खालूनच हात पोचेल तितकं वर धरलं. मी काही पायऱ्या उतरून, वाकून ते घेतलं. तिने डोळ्यांना पदर लावला, आणि मला ते दिसलं हे तिला कळू नये म्हणून मी कौलाकडे बघत राहिलो. मग तिने बाबांच्या शिडीवर दोनदा टकटक केली, आणि मी कामाला लागलो.